चारही चाकं रेषेबाहेर

मी, खाली सही करणारा, आठवडाभर गॅरेजवाला आणि शर्यतीच्या दिवशी पंच, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. लोकांना शंका डोळ्यांची आहे. तिच्यावर दाखला चालत नाही. हृदयाची झडप बदलायची आहे, म्हणून ही घाई.

१. गेल्या मोसमाच्या शेवटच्या मोटारशर्यतीत, शेवटच्या वळणावर, लोकांचा लाडका ड्रायव्हर ‘वादळ’ चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर घालून पुढे निघाला. तीन चाकं बाहेर गेली तर माफ, चारही गेली की दंड, असा नियम आहे. आम्ही पंचांनी दोन विरुद्ध एक मताने त्याला पाच सेकंदांचा दंड केला. त्याचं विजेतेपद गेलं. तो निर्णय मी मागे घेत नाही. घ्यायचा म्हटला तरी अपिलाची मुदत संपली आहे.

२. चाहत्यांनी टपालाने पाठवलेले पोतंभर चष्मे नेत्ररुग्णालयाला द्यावेत. त्यातला एक मला नेमका लागू पडला. तो लावूनच हे लिहितो आहे; पाठवणाऱ्याचे आभार.

३. पाने, जॅक आणि गॅरेज मिस्त्रीला. शटरवरचं ‘आंधळा’ त्याने पुसत बसू नये. पुन्हा लिहितात, रंग फुकट जातो.

४. टीव्ही शेजारच्या न्हाव्याला. माझी अर्धी दाढी झाल्यावर तो म्हणाला होता, “चाकं तीनच होती.” उरलेली अर्धी होईपर्यंत मी गप्प बसलो, वस्तरा त्याच्या हातात होता. आता त्याने ते वळण हवं तितक्या वेळा बघावं.

५. राहतं घर. बायको हयात नाही. एकुलती एक मुलगी लहानपणापासून वादळची. तिच्या खोलीच्या दारावर त्याच्या गाडीचा नंबर मीच रंगवला होता. निकालानंतर ती घर सोडून गेली. जाताना म्हणाली, “बाबा, तुम्हाला रेषा दिसली, माणूस दिसला नाही.” मी म्हणालो, पंचाला रेषाच बघायला बसवतात. बरोबर बोललो आणि तोंडघशी पडलो. तेव्हापासून ती फोन उचलत नाही.

घर तिच्याच नावे लिहिलं होतं. मग निरोप धाडला, निदान साक्षीदार म्हणून सही करायला ये. वकील म्हणाले, ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही, नियम आहे. नियमापुढे मी कुठल्या तोंडाने बोलणार? साक्षीला तीच हवी, म्हणून तिचं नाव खोडलं, घर माझ्या धाकट्या बहिणीला लिहिलं.

६. दुसरी साक्ष मुलीचीच घ्यावी, अन्य कोणाची नाही. साक्षी दोन नसतील तर हा कागद रद्दी, आणि एकुलती वारस म्हणून सगळं तिचंच, असंही वकिलांनी सांगून ठेवलं आहे. म्हणजे ती आली तर तिचं घर जाईल, न आली तर मिळेल. मग न्हाव्याला टीव्हीही नाही, तेवढंच समाधान. यातलं काय व्हावं, हे मला ठरवता येत नाही.

ठिकाण: गॅरेजवरची खोली.
तारीख: नव्या मोसमाच्या पहिल्या शर्यतीचा आदला दिवस.
लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: त्या दिवशी दंडाच्या विरोधात मत देणारा पंच. (सही) सही करताना म्हणाला, “चल, एकदा तरी तुझ्याशी एकमत.”

साक्षीदार दुसरी: मुलगी. जागा मोकळी ठेवली आहे. खाली रेघ आखली आहे. सही रेघेबाहेर गेली तरी चालेल.