धक्क्यावरचा फोटो

ओवासे, ९ ऑक्टोबर २०१८

ती. दादास,
चिझुरूचा कृ. सा. न. वि. वि.

वहिनींनी पाठवलेले लोकरी मोजे बाबांना बरोबर बसले. थंडी नागोयातल्या माणसांना वाजते, कोळ्यांना नाही, असं म्हणाले. पण पायांतून काढायला तयार नाहीत.

माझं मात्र मन थाऱ्यावर नाही. कॅमेरा घेतला तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात हात बसेल. पुस्तकं वाचून, चुकत चुकत शिकतेय. पण हजारो फोटोंत 'हा माझा' असं म्हणावा असा एक नव्हता. लाँड्रीत इस्त्री करताना लक्ष खिडकीतल्या उजेडावर. परवा एका गिऱ्हाइकाचा कोट भाजता भाजता वाचला. हे म्हणतात, आमच्या घरी जेवण थंड झालेलं चालतं, उजेड थंड होता कामा नये. एक्कावन्नाव्या वर्षी असलं वेड लागलं की हसू होतंच.

काल बाबांची जुनी बोट भंगारात काढून तोडली. धक्क्यावर यंत्र आणलं होतं. बाबा ताठ उभे होते. त्या लोखंडी जबड्यानं पहिला घास घेतला आणि त्यांचा बांध एकदम फुटला. दादा, आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. मी फोटो काढला. आणि तोच 'हा' निघाला! प्रांताच्या प्रदर्शनाला पाठवून दिलाय. तुझ्यासाठी प्रत सोबत आहे.

तुझा लोभ आहेच, पण फोटोबद्दल लिहिताना तो जरा बाजूला ठेव.
तुझी,
चिझुरू

---

नागोया, १५ ऑक्टोबर

चि. चिझुरूस अनेक आशीर्वाद.

लोभ बाजूला ठेवून लिहितो. फोटो उत्तम आहे, म्हणूनच राग जास्त आला. बाबा रडत होते तेव्हा तुझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते का गं? एकही त्यांच्या खांद्यावर जाऊ शकला नाही? मी तर रजा नाही म्हणून आलोच नाही, तेव्हा मला बोलायचा हक्क नाही असं तू म्हणशील. खुशाल म्हण.

तुझ्या वहिनीनं, हिसाएनं, फोटो बघितला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ नळ सोडून उभी होती.

बाबांना विचारलंस का? ज्या माणसानं उभ्या गावात कुणाला डोळा ओला दाखवला नाही, त्याला भिंतीवर रडवायचा अधिकार तुला कुणी दिला? विचारलं नसशील तर फोटो परत माग. आणि कोट भाजू नकोस, नोकरी जाईल.

रागावलेला असलो तरी तुझाच,
नोबुयुकी

---

ओवासे, २ नोव्हेंबर

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

फोटो निवडला गेला. दारातून शिरल्यावर समोरच लावणार आहेत. नाचावंसं वाटलं, पण बाबांना अजून काहीच सांगितलेलं नाही.

रोज बाबांना विचारायला जाते. ते मासे भाजत असतात, रेडिओ चालू असतो, मला खाऊन जा म्हणतात. मी खाते आणि न विचारताच परत येते.

तू विचारलंस त्याचं उत्तर – हो, दोन्ही हात. त्या घटकेला मला बाबा दिसतच नव्हते. त्यांच्या गालावर पडलेला उजेड दिसत होता. याचीच भीती वाटते. पुन्हा तशी वेळ आली तर काय करीन, खरंच सांगता येत नाही. कॅमेरा कपाटात ठेवला होता. चार दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी यांनीच काढून हातात दिला. म्हणाले, जमीन झिजायला लागलीय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
चिझुरू

---

नागोया, ७ नोव्हेंबर

चि. चिझुरूस आशीर्वाद.

तुझ्याच्यानं होणार नाही हे कळलं, म्हणून मीच बाबांना प्रदर्शनातल्या फोटोचं फोनवर सांगितलं. त्यात तुम्ही रडताय, हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, प्रदर्शनाला जायला बस कुठून सुटते. आता तुमचं तुम्ही बघा.

काळजीत असलेला,
नोबुयुकी

---

ओवासे, १९ नोव्हेंबर

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

तुझ्यावर चिडायला वेळच मिळाला नाही. अकरा तारखेच्या रविवारी बाबा तुझ्या लग्नातला सूट घालून दारात हजर.

फोटोसमोर गेले तशी लोकांनी ओळखलं आणि वाट करून दिली. मी खांबाआड. त्यांनी चष्मा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. मग सगळ्यांसमोर मला हाक मारली. म्हणाले, म्हातारा ठीक रडलाय, पण तुझ्या आईला का कापलंस?

मला कळेचना. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. आपल्या बोटीच्या पुढच्या टोकावर 'किनुमारू' लिहिलेलं होतं ना? चेहरा मोठा यावा म्हणून मी काढतानाच चौकट आवळली, त्यात आईचं नाव 'किनू' बाहेर गेलं आणि सगळ्याच बोटींना असतं ते नुसतं 'मारू' उरलं. परीक्षकांनी त्याच चौकटीचं कौतुक केलं होतं.

पूर्ण नावाचा एखादा आहे का, असं बाबांनी विचारलं. होता. त्याच्या क्षणभर आधीचा, कललेला, फोकस चुकून नावावर बसलेला; बाबांचा चेहरा पुसट, नाव मात्र लख्ख. मी टाकूनच देणार होते. फोटोवाल्यानं विचारलं, बाई, हाच मोठा करायचा, नक्की? मी नुसती मान हलवली.

तो आता आईच्या देव्हाऱ्याशेजारी लागलाय. प्रदर्शनातला फोटो मी राहू दिला. बाबाच तो असू दे म्हणाले. तरी मला स्वस्थता नाही. ती बोट आता कुठून आणू? उद्या पहाटे पुन्हा धक्क्यावर जातेय.

बाबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीवरचा तो कललेला फोटो दाखवतात आणि सांगतात, पोरगी अजून शिकतेय, पण हा एक तिला जमलाय.

वहिनींना नमस्कार, आणि तुझा राग संपला असेल तर लोभ पूर्ववत चालू कर.
तुझी,
चिझुरू