लॅबमधली हाक नानांच्या टेबलावर

१ फेब्रु. ९९
कॉलेजात जळगावहून स्विचवाला आला. एकाच डब्यात दोन व्हीलॅन, म्हणजे दोन वेगळी नेटवर्कं, करून गेला. एक लॅब, एक ऑफिस. मध्ये भिंत. लॅबची बोंब लॅबमध्येच राहणार म्हणे. बरं.

२ फेब्रु.
लॅबच्या एकाही मशीनला नेटवर्कचा पत्ता मिळेना. पत्ते वाटणारा सर्व्हर हेडक्लार्क नानांच्या टेबलावर, भिंतीपलीकडे. मशीन सुरू झालं की 'पत्ता द्या' म्हणून सगळ्यांना ओरडतं. ब्रॉडकास्ट. ते पलीकडे जातच नाही. मॅन्युअल चाळून स्विचमध्ये एक ओळ टाकली: लॅबच्या असल्या हाका, म्हणजे यूडीपी ब्रॉडकास्ट, सर्व्हरकडे पाठव. सगळी मशीनं चालू!
संजय, माझा जोडीदार, लॅबमध्ये आणि देवपूरच्या खोलीवर पण, म्हणाला, 'लय भारी भो. आता नोकरीत पक्का होशील.'
पक्कं करायची फाईल नानांकडेच.

५ फेब्रु.
मनात आहे ती कादंबरी कागदावर लिहायला नकोच. रोज जेवणाच्या सुट्टीत एकच वाक्य, पॉपअपने लॅबच्या सगळ्या स्क्रीनवर. वाचलं, खिडकी बंद, वाक्य मेलं. प्रत नाही. आजचं: 'हेडक्लार्क आधी खुर्चीला नमस्कार करायचा, मग तिच्यावरच बसायचा.' नाना करतात तसं. पोरं खिदळली. संजय नाही हसला.
का?

९ फेब्रु.
नाना जिन्यात. 'खुर्चीले नमस्कार करनं वाईट शे का रे भो?'
वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंय. पोरं ऑफिसकडे फिरकत नाहीत. रजिस्टर घेऊन रोज जातो तो संजय.

१० फेब्रु.
संजयला विचारलंच. 'चहाच्या बदल्यात सांगतोस का नानांना?'
'तुझी फाईल अडकवून मला काय मिळणारे?'
बॅग भरून गावी, फैजपूरला गेला. निघून जाणं म्हणजे कबुलीच की.

१२ फेब्रु.
पोरं गॅदरिंगला. लॅब रिकामी, संजय गावी. मुद्दाम वाक्य टाकलं: 'हेडक्लार्कला वाटे, खुर्ची आपल्याला ओळखते.' लगेच रजिस्टर घेऊन ऑफिसात. सर्व्हरच्या स्क्रीनवर माझं वाक्य. नाना चष्मा कपाळावर, ते वाक्य वहीत उतरवतायत. मला बघून वही मिटली.
मॅन्युअल परत काढलं. ती एक ओळ पत्त्याच्या हाकेबरोबर इतरही हाका पलीकडे नेते. १३८ नंबरचं पोर्टही त्यात. पॉपअप तिथूनच जातो. भोक मीच पाडलेलं.
१३८ बंद केलं.
पण वही कशाला? पुरावा?

१५ फेब्रु.
संजय आला. सगळं सांगितलं. 'मग आता स्विचशी पण भांडण का?' एवढंच म्हणाला. खोलीवर त्याची खाट मात्र माझ्यापासून लांब, खिडकीकडे सरकवली.
जेवणाच्या सुट्टीत नाना लॅबच्या दारात. आजवर कधी आले नव्हते. बगलेत वही आणि माझी फाईल, नाव दिसलं.
'तीन दिवसपासून स्क्रीनवर काही उनं नही.'
मी रजिस्टर चाळायला लागलो.
'त्या हेडक्लार्कनं पुढे काय व्हयनं?'
हसत होते की नाही, चष्म्यामुळे कळलं नाही. 'उद्या देखसू,' म्हणत गेले.
स्विचसमोर बसलोय. १३८ परत उघडायची ओळ टाईप केलीये. एंटर मारलेलं नाही.