सिम्सिमने मान उचलली होती

तांता, ७ फेब्रुवारी १९८४

चि. इन्शिराह हीस, तुझ्या अब्लाचे, थोरल्या बहिणीचे अ. आ.

तुझं पत्र आणि बाळाचा फोटो पोचला. पोरगा नाकाने तुझ्यावर गेलाय, बिचारा. बाबांनी मात्र फोटो धड पाहिलाही नाही, कारण कालपासून त्यांचा सिम्सिम आडवा पडलाय.

तुला ठाऊकच आहे, गच्चीवरचे बाकीचे ससे मी मुलूखियाच्या पालेभाजीसोबत शिजवायलाच पाळते. हा एकटा मात्र आई गेल्यापासून बाबांच्या खोलीत, त्यांच्या सतरंजीवर असतो. परवा संध्याकाळपर्यंत उड्या मारत होता. काल सकाळी पाहते तर ओल्या फडक्यासारखा पसरलेला. पाय ओढला तरी ओढू देतो, मान उचलत नाही. डोळे तेवढे टकटकीत, आणि बाबांनी हाक मारली की कान हलतो.

बाबा बरसीमचा हिरवा चारा वाटून, पाणी घालून, सुई काढलेल्या सिरिंजने थेंबथेंब भरवतात. प्रत्येक अजानला त्याची कूस बदलतात, खालची चिंधी धुतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःचे गुडघे वाकत नाहीत ते वेगळंच. मी म्हटलं, माझ्या तापात कधी एवढे बसला होतात का. तर म्हणाले, तू किंचाळायचीस, काय हवं ते कळायचं.

तुमच्या इमारतीत जनावरांच्या डॉक्टरीणबाई राहतात ना, त्यांना विचारून लगेच कळव. मला काही हा जगेलसं वाटत नाही.

बाळाला पापा. माया आहे तशीच असू दे.
तुझी कौसर


अलेक्झांड्रिया, ९ फेब्रुवारी

ती. कौसर अब्ला हिला सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र मिळताच डॉ. इस्मतबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, सशांना अशी कमजोरी अचानक येते, कारण पुष्कळदा सापडतच नाही. पण डोळे-कान शाबूत असतील आणि घास गिळत असेल, तर आशा सोडायची नाही. कितीतरी ससे आठवड्या-दोन आठवड्यांत आपले आपण उठतात. आधी मान येते, मग पुढचे पाय. बाबा करताहेत तेच करायचं : भरवायचं, कोरडं ठेवायचं, कूस बदलायची. बाई दोनदा म्हणाल्या, घाई करू नका.

तुझी सुरी मला माहीत आहे, अब्ला. तिला थोडे दिवस सुट्टी दे.

बाबांचे हात माझ्या वतीने चूम. लोभात काटकसर नको.
तुझीच इन्शिराह


तांता, १२ फेब्रुवारी

चि. इन्शिराह हीस अ. आ.

तुझं पत्र काल, शनिवारी आलं. शुक्रवारीच सगळं होऊन गेलं होतं.

शुक्रवारी सकाळी बाबांनी मला हाक मारून सांगितलं की त्याने मान उचलली. मी जाऊन पाहिलं, तर होता तसाच पडलेला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला हवं ते दिसतं. बाबांना खोकला लागला होता, जेवण सुटलं होतं, सिरिंज धरताना हात कापत होते. म्हटलं, हा संध्याकाळपर्यंत मरणार, आणि बाबा त्याच्याशेजारी बसून स्वतःचेही हाल करणार. ते जुम्म्याच्या नमाजाला गेले, तेव्हा मी त्याला गच्चीवर नेलं. बिस्मिल्ला म्हणून सुरी मीच चालवली.

जिना चढताना त्याने पुढचे पाय माझ्या छातीला टेकवले होते. मला वाटलं, हातातून घसरतोय.

बाबांना सांगितलं, तो आपसूक गेला आणि मी पुरला. खरं म्हणजे शेजारणीला देऊन टाकला. बाबांनी सिरिंज धुतली, पुसली आणि कपाटात ठेवली. त्यानंतर तुझं पत्र त्यांना वाचून दाखवायचं माझ्याच्याने होईना. आता काय करू ते तू सांग.

कौसर


अलेक्झांड्रिया, २४ फेब्रुवारी

ती. अब्ला हिला सलाम, वि. वि.

माझं मागचं पत्र मानून तू बाबांना खरं सांगितलंस, हे बाबांकडूनच कळलं. रविवारी एकच पिशवी घेऊन ते गाडीने आले. जेवतात, बाळाला मांडीवर घेतात, समुद्रापर्यंत चालून येतात. तुझं नाव काढलं की चष्मा पुसत बसतात. आज आपण होऊन मला कागद घ्यायला लावला. ते बोलले ते जसंच्या तसं लिहिते :

‘कौसर, ससा कापलास याचा राग नाही. आयुष्यात मीही थोडे कापले नाहीत. तू खोटं बोललीस, तेही भीतीने, हे कळतं. पण मी तुला सांगितलं होतं की त्याने मान उचलली. तू पाहायला आलीस ती मी चुकलो आहे असं धरूनच. उद्या मी आडवा पडलो, उठता येईना, आणि म्हणालो की आज थोडं बरं वाटतंय, तर माझं ऐकशील का? तेवढंच कळव.’

मी कुणाच्याच बाजूने काही लिहीत नाही. राग धरू नकोस.
इन्शिराह


तांता, २७ फेब्रुवारी

ती. बाबांना, कौसर हात चुंबून सलाम करते, वि. वि.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. ‘ऐकेन’ हा एकच शब्द, पण लिहायला हात धजत नाही. कारण त्या शुक्रवारी सकाळी तुम्ही विचारलं असतंत, तरी मी ‘ऐकेन’ असंच म्हणाले असते.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. तुम्हाला मला भेटायचं नसेल, तर इन्शिराहला स्टेशनवर पाठवून तसं सांगा. मी तिथूनच मागे फिरेन, वाद घालणार नाही.

तुमची कौसर