उस्ताद, तुमची लहान फाइल

उस्ताद, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही विटला नाही. परवा नेरच्या एका लग्नात नवा फोटोग्राफर भेटला. गळ्यात दोन कॅमेरे, तोंडात ‘रॉ’शिवाय शब्द नाही. जिलेबीच्या परातीचाही फोटो रॉ! या फाइली उघडतोस कशात, विचारलं, तर म्हणतो, “थो पुण्याचा एडिटर पाहते.” मी हसून त्याला मठ्ठा पाजला. अडाणी तोही, अडाणी तुम्हीही. पण तो निदान कोणाचं काही गमावत तरी नाही.

तुम्ही गमावलंत. कापसाच्या त्या वाईट वर्षांत लग्नं आटली होती, आपल्या यवतमाळच्या स्टुडिओत पहिला डिजिटल कॅमेरा आला होता आणि एका मेमरी कार्डात अख्खं लग्न कोंबायची तुम्हाला हौस. म्हणून सगळ्यात लहान जेपेग. तुमच्या हाताखालचा मी म्हणायचो, जेपेगमध्ये कॅमेरा फोटो आवळतो, बरंच फेकून देतो. रॉमध्ये दिसलं तेवढं सगळं ठेवतो. तुम्ही पानाची पिचकारी मारून म्हणायचात, “कापसाले भाव नाही, अन् तू रॉ रॉ करून राह्यला! कच्चं धान्य कोनी ताटात वाढते काय बे?” गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो, पोट तुमच्या हाती होतं. मग तुम्ही नवरी गोरी करायचात आणि त्याच फाइलीवर सेव्ह. पुन्हा उघडून आणखी गोरी, पुन्हा सेव्ह. दर वेळी फोटोतले सगळेच चेहरे थोडे झिजायचे. मूळ फाइल वेगळी ठेवायची असते, हे तुमच्या गावीही नव्हतं.

अजून डोळ्यांपुढे आहे: काही वर्षांनी राळेगावकडची एक बाई स्टुडिओत येते. तिच्या लग्नाचे फोटो आपणच काढलेले. तिची माय वारलीय. जन्मभर पदर ओढून राहिलेली ती माय हळदीच्या एकाच फोटोत तोंडभर हसलेली. तोच भिंतीसाठी मोठा करून हवा. मी फाइल मोठी करतो, तर पडद्यावर नुसते चौकोन. डोळ्यांच्या जागी काळपट ठिपके, हसू पुसलेलं. तुम्ही मला सरकवून बसता, दुसऱ्याच कोणाचे डोळे आणून लावता, ओठ रंगवता, मागे निळं आभाळ, वर चंदनाचा हार. बाई प्रिंट दाराच्या उजेडात नेऊन पाहते.

“हे माही माय नाही, भाऊ.”

“बाई, मेल्यावर सगळेच सारखे दिसते,” तुम्ही म्हणता.

“तुमाले दिसत असन,” ती म्हणते आणि प्रिंट काउंटरवर उलटी ठेवून जाते. तुम्ही तीच नमुना म्हणून दर्शनी काचेत लावलीत. उस्ताद, त्या दिवशी तुम्ही माझ्या मनातून उतरलात ते उतरलातच.

पुढे माझं दुकान झालं. आता प्रत्येक लग्न दोन्हींत काढतो. जेपेग वाटायला, रॉ जपायला. तुम्ही गेल्यावर तुमच्या पत्नीनं, काकूंनी, भिंतीसाठी तुमचा फोटो मागितला. एका दुपारी दुकानापुढे खुर्चीत बसलेले तुम्ही माझ्याकडे रॉमध्ये होतात. रॉची सोय अशी, की सावली काळी ठेवायची की उजळायची, हे नंतर ठरवता येतं. काळी ठेवली तर ओठांच्या कोपऱ्यातली ती तुच्छतेची मुरड जशीच्या तशी, उजळली तर तीच हसण्यासारखी. हाच खरा, असं म्हणत मी कितीतरी वेळ पडद्यापुढे बसलो.

हे पत्र काकूंच्या हाती लागू देणार नाही. त्या फोटोकडे पाहून म्हणतात, “अगदी असेच होते.” मी मान डोलावतो. सावली मी उजळली, उस्ताद. एवढे मायाळू तुम्ही कधीच दिसत नव्हतात.