तुंब्याचे कान

खैरीटोला, ता. अर्जुनी मोरगाव
२२ फेब्रुवारी २०११

प्रिय अल्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. ठेव, पण फाडू नकोस. तुझा दुर्गचा पत्ता मी तुझ्या सासूबाईंकडून, निर्मलाबाईंकडून मागून आणला. त्या अजूनही त्यांच्या घराच्या ओट्यावर बसून बिड्या वळतात. मी गेले तेव्हा त्यांनी पानांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि मला बसायला बोरा टाकला. दहा वर्षांत आपल्या घरचं कुणी त्या ओट्यावर चढलं नव्हतं, पण त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पत्ता मात्र लगेच देईनात. म्हणाल्या, "अल्का म्हनते, माजे बाबा त्या दिवशीच गेले. आता कायले लिवता?" तो दिवस म्हणजे पाच वर्षांपूर्वीचा, तू संघदीपला कडेवर घेऊन आली होतीस तो. मला त्याच दिवसाबद्दल लिहायचं आहे. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. लिहितानाही मी सरळ वाटेनं जाणार नाही, आधीच सांगते.

बाबांच्या कानांपासून सुरू करते. गोंदियाच्या राईस मिलमध्ये चौदा हंगाम त्यांनी मशीनशेजारी काढले, त्यात एक कान गेला, हे तू लहानपणापासून पाहिलंस. दुसऱ्या कानामागे हात धरला की ऐकू यायचं. तू रत्नपालशी लग्न करून गेलीस आणि त्यांनी चावडीवर उभं राहून "मले लेक नाही" असं सांगितलं. ज्या माणसानं आई गेल्यावर तुझ्या वेण्या घातल्या, तुला कधी नावानं हाक मारली नाही, 'माय'च म्हटलं, त्यानं! दुसऱ्या जातीचा जावई त्यांना गिळवला नाही, हे मी झाकून ठेवत नाही. तू तर ते भोगलंस. पण त्यानंतर दुसरा कानही भराभर जायला लागला. तुझ्या दादांनी त्यांना एका शिबिरात नेऊन कानाचं मशीन आणलं. ते शिट्ट्या मारायचं. बाबा वैतागून म्हणाले, "कानात रातकिडा बसवून देला गा यायनं!" त्याचे सेल इथे मिळत नाहीत, गोंदियाला जावं लागतं. दोन महिन्यांत ते मशीन धानाच्या कोठीवर जाऊन पडलं, ते अजून तिथेच आहे.

आता तूच विचार कर, आपल्या घरात तेव्हा माणसं किती? तुझे दादा दिवसभर शेतात. घरात बहिरा सासरा आणि मी. सून सासऱ्यासमोर उभी राहून बोलत नाही, दाराआडून नाहीतर पाठीमागून बोलते. घरात लेकरू असतं तर त्याच्या तोंडून निरोप गेला असता, ते नव्हतं. मी पाठीमागून बोलायची, त्यांना ऐकू यायचं नाही, आणि सुनेनं सासऱ्यावर ओरडायचं तर यशोदाकाकू शेजारून मान बाहेर काढायच्या. मग मी ताट वाजवून त्यांना जेवायला बोलावू लागले, जसं काही बैलाला आंबोण ठेवलं. त्यात माझी जीभ सैल झाली, ते वेगळंच. त्यांना कळत नाही म्हटल्यावर मी त्यांच्या उण्यादुण्यांची उजळणी खुशाल मोठ्यानं करायची.

एका दुपारी ते अंगणात चुलीच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसले होते. पाठीवर ऊन येत होतं म्हणून त्यांनी माझं सूप उचलून डोक्यामागे धरलं. मी आत मासळी निवडत मोठ्यानं बडबडत होते, की ह्या वयात जिभेचे चोचले काही सुटत नाहीत. तर बाहेरून आवाज आला, "चोचले कोनाचे वो?" माझ्या हातातली मासळी खाली पडली. चार वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो असं ते पहिलं वाक्य. नंतर ते हसले. अल्का, तू गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

त्या सुपानं मला रात्रंदिवस भंडावलं. कानामागे हात धरल्यानं जे होतं तेच सुपानं झालं, फक्त मोठं. पण हात दुखतो आणि सूप काही डोक्यावर बांधता येत नाही. कुंपणावर तुंब्याचा वेल होता. पाण्यासाठी वाळवून ठेवतो ना, तोच भोपळा. चांगला गोल तुंबा पाहून मी आरीच्या पात्यानं तो उभा चिरला, आतला गर खरवडला, दोन्ही वाट्यांना कानापुरती खाच काढली, भोकं पाडून जुन्या धोतराच्या पट्ट्यावर शिवल्या. भुंगा लागू नये म्हणून चुलीवर धुरी दिली आणि करंजाचं तेल चोळलं. दोन वाट्या, कानांच्या मागून उभ्या, तोंडं पुढे. तुझ्या दादांनी तो पट्टा बाबांच्या डोक्याला बांधला. बाबा तलावाच्या पाळीकडे तोंड करून बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "सांडव्यावरून पानी पडून राहिलं." सांडवा घरापासून शंभर पावलांवर. त्यांच्या आजोबांच्या हातची ती पाळ, तिच्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज दोन वर्षांनी परत मिळाला होता. मी आत जाऊन रडले आणि मग स्वतःचंच कौतुक करत दुप्पट भाकरी खाल्ली.

पोरं हसायची, 'हत्ती आला' म्हणायची. बाबा बाहेर जाताना वरून दुपट्टा गुंडाळायचे, मग नुसतं मोठं मुंडासं दिसायचं. पण खरी अडचण वेगळीच निघाली. तुंब्याच्या वाट्या पुढचं गोळा करून कानात ओततात आणि मागचं अडवतात. मागून आधी जे थोडंफार यायचं, तेही बंद झालं. म्हणजे मला समोर जाऊन बोलणं आलं. दोन दिवस मी पदर हनुवटीपर्यंत ओढून समोर गेले, तर यशोदाकाकूंनी गावभर केलं, "सून सासऱ्याच्या तोंडापुढं बोलून राहिली, पाहा!" तोड बाबांनीच काढली. त्यांनी डोक्यावरचा पट्टा अर्धा फिरवला. वाट्यांची तोंडं मागे झाली. म्हणाले, "बोल आता मागून." असा सासरा कुणाला मिळतो गं? सुनेची मर्यादा राहावी म्हणून स्वतःचे कान उलटे लावणारा!

पण मला बोलायचंय हे त्यांना कळावं कसं? त्यासाठी मी चिंचोके निवडले. चुलीच्या दाराशी वाटीत ठेवायचे. एक चिंचोका त्यांच्या खांद्यावरून पुढे टाकायचा, तो समोर पडला की ते पट्टा फिरवायचे. माझं बोलून झालं की पुन्हा पुढे करायचे आणि चिंचोका उचलून बंडीच्या खिशात घालायचे. संध्याकाळी मूठभर चिंचोके माझ्या वाटीत परत. सुरुवातीला भात झाला, पाणी तापलं, एवढंच असायचं. मग मी काहीही सांगू लागले. माहेरचं, पिकाचं, दादांशी झालेल्या भांडणाचं. मला वडील आठवत नाहीत, अल्का. तीन वर्षांची होते तेव्हा गेले. एक दिवस मी गप्प होते तर बाबाच म्हणाले, "काऊन माय, तोंड काऊन उतरलं?" माय म्हणाले मला. तो शब्द तुझा होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी तो घेतला आणि परत करावा असं एकदाही वाटलं नाही.

आता तो दिवस. मळणीचे दिवस होते, तुझे दादा खळ्यावर. बाबा नेहमीसारखे अंगणात खाटेवर, पाळीवरच्या रस्त्याकडे तोंड करून. तीनची मोटार तिथे थांबते. ते रोज त्या वेळी तिथे बसायचे आणि मोटार गेली की आत यायचे. कुणाची वाट पाहतात हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. थंडी होती म्हणून तुंब्यांवरून दुपट्टा गुंडाळलेला. तू गावाच्या नजरा चुकवून शेताशेतांनी आलीस, मागच्या सांदवाडीतून, परसातून, घराच्या कडेनं पुढे, आणि त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर थांबलीस. तू "बाबा" म्हणालीस. मग "बाबा, मी अल्का." मग संघदीपला थोडं वर उचलून म्हणालीस, "बाबा, नातू आनला तुमचा." ते हलले नाहीत. तू त्यांना तुझी वाट पाहताना पाहिलंस, अल्का, फक्त पाठीकडून. वाट्यांची तोंडं पुढे होती. त्यांना तुझा एक शब्दही ऐकू गेला नाही. त्यांनी तुला नाकारलं नाही. तू आलीस हेच त्यांना आजपर्यंत माहीत नाही.

मी दारात होते. तू माझ्याकडे पाहिलंस ते मला रोज दिसतं. वाटी माझ्या पायाशी होती. मला एक चिंचोका टाकायचा होता, बस्स, एक. मी वाकलेसुद्धा होते. मग संघदीप हसला, आणि मला दिसलं की आता बाबा वळतील, तुला माय म्हणतील, तुझ्या लेकराला मांडीवर घेतील, आणि मी पुन्हा ताट वाजवणारी सून होईन. लग्नाला सात वर्षं झाली होती, माझी कूस उजवली नव्हती. मी सरळ उभी राहिले आणि तुझ्याकडे पाहून मान हलवली. नाही, अशी. तू आल्या वाटेनं गेलीस. मोटार येऊन गेली, बाबा उठले. संध्याकाळी ते वाटीशी आले तेव्हा त्यांचा हात रिकामा होता. म्हणाले, "आज काही बोलली नाहीस, माय."

मी पुढे बरेच दिवस स्वतःला समजावलं की सुनेनं मध्ये पडू नये, रीत आहे. रीत कसली! रीतीसाठी त्यांनी कान उलटे केले होते, आणि मी माझ्या पापावर तीच रीत पांघरली. उद्या सांगेन, पोळ्याला सांगेन, दिवाळीला सांगेन. पाच वर्षं मी त्यांच्या पाठीशी उभी राहून जगातलं सगळं बोलले, तेवढं सोडून.

गेल्या पावसाळ्यात त्यांचे तुंबे चिरले. मला म्हणाले, "यंदा वेल लाव. नवे पायजे. अल्का आली तं तिचं आयकाले पायजे." दहा वर्षांत तुझं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं, आणि तेही मला, जणू मी तुझीच माणूस. मी वेल लावला. जानेवारीत तुंबे वाळले. मन लावून शिवले, आतून खाचेला मऊ कापड लावलं. ते बांधून ते अंगणात बसले, मी चिंचोका टाकला. त्यांनी पट्टा फिरवला. मी मागे उभी राहून सगळं सांगितलं. तू आलीस ते, तीन हाका, नातू, वाटी, माझी मान. ते पाठमोरे अगदी स्तब्ध बसून होते. मला वाटलं, रडताहेत. मला वाटलं, आता वळतील आणि घरातून जा म्हणतील, आणि मी जाणार होते. मग ते म्हणाले, "भात झाला का, माय?" मी धावत समोर गेले. डोक्यावर पदर नव्हता. त्यांच्या तोंडासमोर वाकून ओरडले, "अल्का!" ते माझ्या ओठांकडे पाहून हसले आणि तुंबे चाचपत म्हणाले, "आज बराबर बसले नाही वाटते."

तुंबे बरोबर बसले होते. कानच संपले आहेत. डॉक्टर म्हणाले, आता कशानंच येणार नाही. मी सांगायला गेले तेव्हा ऐकणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून हे तुला लिहिते आहे. तुझी 'बाबा' ही हाक त्यांना पुन्हा कधीच ऐकू जाणार नाही. ती मी घालवली. माफी मागत नाही, तेवढी लाज मला आहे. पण ते अजून तुंबे बांधून तीन वाजता खाटेवर बसतात, आणि त्यांचे डोळे चांगले आहेत. गोंदियाला गाडी बदल, अर्जुनीला उतर, तीनची मोटार धर. संघदीपला घेऊन पाळीवरून सरळ समोरून ये, मागच्या वाटेनं नको. त्यांना वाचता येतं. 'अल्का आली होती' असं मी पाटीवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. ते वाचून त्यांनी काय करायचं? त्यांना 'आली' एवढंच दिसू दे. मग मला काय बोलायचं ते सगळं बोल, समोर उभं करून बोल. माझे कान धड आहेत.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
पुष्पांजली वहिनी