मोहिनीची मुलाखत

जळगाव,
१४ जुलै २०२४

सौ. कामिनीवहिनींस मोहिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले की नाना कान टवकारतात, म्हणून तुमच्या शाळेच्या पत्त्यावर लिहिते आहे. परवा आमच्या लॅबमध्ये टीव्हीवाले आले होते. मी रक्त तपासते, यात त्यांना काही रस नव्हता. तीनदा लिपस्टिक लावायला लावली, मग म्हणाले टाळी वाजवा. मी म्हटले, डास मारायचा असेल तर वाजवते. घराने कसे टाकले ते रडून सांगा म्हणाले. मी सांगितले, हितेंद्रची मोहिनी झाल्यापासून दोन वर्षे वडील बोलत नाहीत, पण मला कोणी टाकलेले नाही. रडू काही येईना, तेव्हा त्यांचेच चेहरे पडले.

वहिनी, यंदा कानबाईच्या सणाला धुळ्याला यायचे आहे, घरची लेक म्हणून. नाना दारातून परत पाठवतील का, विचारून कळवा. तेजसदादाला नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची नणंद,
मोहिनी

धुळे,
२३ जुलै

चि. मोहिनीताईंस कामिनीचे अ. उ. आ.

विचारले. नानांनी टीव्हीचा आवाज वाढवला. साडेसातची मालिका चालू होती. त्यातली सून अंगभर दागिने घालून झोपते आणि सकाळी न विस्कटता उठते. बिनबाह्यांचा ब्लाउज दिसला की समजावे, आता घर फुटणार. तुमच्यासारखी कोणी आली तर टाळी वाजवून, आशीर्वाद देऊन चालती होते. तिला नाव नाही, नोकरी नाही, वहिनी तर नाहीच नाही. नानांचे सगळे ज्ञान तिथले. त्या सुनेने कधी कणीक मळली नाही, मला मात्र तिच्यापायी सातच्या आत भाकरी उरकाव्या लागतात.

नानांच्या गप्प बसण्याला नकार समजू नका. माया आहे, ती राहू द्या.

कामिनी

जळगाव,
३१ जुलै

वहिनींस सा. न.

मुलाखत पाहिलीत? मेल्यांनी 'वडील बोलत नाहीत' एवढेच ठेवून पुढचे कापले, मागे रडकी सनई लावली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले, 'बापाने टाकलेली मोहिनी'. मायक्रोस्कोप गाळला, लिपस्टिक मात्र तिन्ही वेळा दाखवली. आता नानांना वाटणार, मीच चव्हाट्यावर त्यांची अब्रू घालवली. गल्लीत ते कसे फिरतील? मला फार लागले आहे. कानबाईला मी येत नाही. राग मानू नका.

मोहिनी

धुळे,
६ ऑगस्ट

हट्टी मोहिनीताईंस अ. उ. आ.

नानांनी मुलाखत पाहिली, तीही मालिका सोडून! रागाने लालबुंद झाले. चप्पल घालून शेजारच्या झुलालआबांकडे गेले आणि ओट्यावरूनच ओरडले, 'मी कव्हय टाकी तिले?' कधी टाकली ते सांगा म्हणे. सगळी गल्ली बाहेर आली. घरी आल्यावर मात्र पुन्हा टीव्हीचा आवाज वाढवला.

काल कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. गेल्या वर्षीही नानांनी हितेंद्रच्या नावाची काढली होती. यंदा स्वतःची काढली, तेजसची काढली आणि कोठीचे झाकण लावले. म्हटले, आता खरेच टाकली. धीर करून बोलले, की नाना, एक राहिली. तर माझ्यावरच डाफरले, की मूठ पोऱ्यास्नी ऱ्हास, मोहिनी मनी पोर शे, तिले सांग, शनिवारी ये.

घरच्या लेकीची वाट पाहते आहे.

तुमची वहिनी,
कामिनी