तीनशे सेकंद

मुरुम, दि. ३० जानेवारी २०२५
सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. आईसाठी पाणी तापत ठेवून चुलीपुढं बसून लिहीत आहे.

तीर्थरूप शिवरंजनीताईस,
उमाशंकरचा शि. सा. न. वि. वि.

फोन पोलिसांनी जमा केला, म्हणून पत्र. आई बरी आहे. तुझ्या धाकटीचा स्वेटर विणून झाला.

परवा मंगळवारी रात्री दहा चाळीसला बसप्पाकाका आणि मी परसात दुर्बीण लावली होती. तिचा सांगाडा काकांनीच त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात केला होता. मिथुन राशीत एका मरणाऱ्या ताऱ्यानं सोडलेला वायूचा ढग आहे. तो इतका फिका, की पाच-पाच मिनिटांचे शंभरावर फोटो एकावर एक ठेवले तरच दिसतो. गल्लीतल्या खांबाचा दिवा आड येत होता, म्हणून मी त्याचा फ्यूज काढला. त्याच अंधारात पलीकडं एका घरात चोरी झाली.

चोरांवर पाळत ठेवणारी गावच्या गस्तीची पंधरा-वीस माणसं परसात शिरली. पुढं आपला शिवानंदमामा. मी बॅटरी आणायला आत आलो होतो. मामानं विचारलं, फ्यूज कुणी काढला. काका मोठ्यानं म्हणाले, "मी काढला."

ताई, मी दाराला आतून कडी लावली.

फटीतून दिसत होतं. पहिला दांडका गुडघ्यावर, दुसरा तोंडावर. काका पडले तरी कुणी थांबलं नाही. बुटानं बरगड्या तुडवल्या. आत लॅपटॉपवर चालू फोटोचे सेकंद पडत होते, मी तेच बघत राहिलो. तीनशे झाले तेव्हा काकांचा आवाज बंद झाला होता. मग त्यांनी दुर्बीण फोडली.

काका सोलापूरला दवाखान्यात आहेत. जबडा तारेनं बांधलाय, बोलता येत नाही. पोलिसांनी त्यांना चोरांचा साथीदार ठरवलंय, खाटेशेजारी शिपाई बसवलाय. बरे झाले की अटक. मी खरं सांगू का? लवकर कळव.

तुझा,
उमाशंकर


धाराशिव, दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. उमाशंकर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दहावी नापास झालास, पण अक्षर मास्तरांपेक्षा नेटकं. अक्कल तेवढी आभाळात ठेवलीस.

मामाचा फोन आला होता. त्याला तुझा संशय आहे. पोराला गप बसव म्हणाला, नाहीतर बसप्पाच्या शेजारी दुसरी खाट टाकावी लागंल. तू आईला घेऊन पहिल्या एस.टी.नं इकडं निघून ये. हे मी बहीण म्हणून लिहिते. तुझ्या दाजींनी खोली रिकामी केली आहे.

पण तू मला विचारायला नको होतंस. खरं सांगू का, हे गौराबाईला विचारायचं होतं. तिचा नवरा तिथं पडलाय. मी तर तुला वाचवायचंच बघणार.

उबदार कपडे घाल. माया आहे म्हणून रागावते.

तुझी,
ताई


मुरुम, दि. ७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षराबद्दल माफी असावी, डाव्या हातानं लिहितोय. आईला घाबरवू नकोस, तिला मी गाडीवरून पडलो असं सांगितलंय. तिनं विश्वास ठेवलेला नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी, मंगळवारी, पारावर गस्तीपुढं सांगितलं की फ्यूज मी काढला, चोरांचा आणि आमचा काही संबंध नाही. मामानं विचारलं, कोणत्या हातानं. मी उजवा पुढं केला. त्यानं तो पाराच्या दगडावर धरायला लावला आणि दांडका तीनदा मारला. दोन बोटं तिसऱ्या फटक्याला मोडली. मग बाकीच्यांनी लाथा घातल्या. डाव्या कानानं अजून ऐकू येत नाही. मी गप्प राहिलो नाही, लई ओरडलो. या वेळी कुणी दार लावलं ते मला दिसलं, एकानं नाही, सगळ्या गल्लीनं.

तसाच पोलिसांत गेलो. कडी लावल्याचंही जबाबात लिहून घ्यायला लावलं. मारणाऱ्या नऊ जणांची नावं दिली, पहिलं मामाचं. काकांच्या खाटेजवळचा शिपाई दुसऱ्या दिवशी उठला.

काल सोलापूरला गेलो. गौराबाईंनी मला बस म्हटलं नाही. मी काकांचे पाय धरले आणि म्हटलं, तुम्ही मला वाचवायला खोटं बोललात. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. कागद मागितला आणि लिहिलं, "दोघं मिळून सांगू असं वाटलं. म्हणून मी सुरुवात केली. तू येशील म्हणून दाराकडं बघत होतो."

रात्री तिथंच जिन्यात झोपलो. उद्या परत दवाखान्यात जाणार आहे, गौराबाई हाकलून देतील तोपर्यंत जात राहणार.

उत्तराची घाई नाही. जमेल तितका लोभ ठेव.

तुझा,
उमाशंकर